पितरपाटात घेतलेलं गवताचं यंत्र

आमचे हे चारचौघांत एक गोष्ट हटकून सांगतात. पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत हिने मला होकार दिला, आणि गवत कापायचं यंत्र पसंत करताना मात्र निम्मा जळगाव जिल्हा पालथा घातला. मग मी म्हणते, तुम्ही बिघडलात तर मला माहेरी जाता येतं, यंत्र चुकलं असतं तर माहेरच गेलं असतं. लोक हसतात, मीही हसते. आता हसू येतं हो. त्या भाद्रपदात माझ्या तोंडाला कोरड पडली होती.

माझं माहेर भडगावजवळ, गिरणेच्या काठाला. गावात घर नाही, मळ्यातच आहे. समोर गोठा, मागे लिंबाची बाग, बागेच्या टोकाला विहीर आणि तिथून नदीकडे उतरत गेलेलं रान. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. मी जळगावला पिंप्राळ्यात, नोकरी एका सरकारी कचेरीत. धाकटा भाऊ पुण्याला. आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, कामावर लागतो आणि पुढच्या आखाजीला सुटतो. आमचा जुना सालदार त्या आखाजीला सुटला आणि नवा काही मिळाला नाही. तरणी माणसं सुरतेला गेली, उरलेली म्हणतात, रोजाने बोलवा, साल नको. पाऊस चांगला झाला आणि बागेत कमरेएवढं गवत उभं राहिलं. लिंबाच्या ओळी कुठे आणि वाट कुठे, काही कळेना.

गणपतीच्या दिवसांत आईची वगार बागेच्या कडेला चरता चरता खाली बसली ती उठलीच नाही. घोणस चावली होती. जनावरांचा डॉक्टर पोचेपर्यंत संपलं होतं सगळं. म्हैस आटल्यावर आईने त्या वगारीला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. फोनवर आई मला हे पाऊस-पाण्याची बातमी द्यावी तसं सांगत होती, आणि मी कचेरीच्या जिन्यात बसून रडत होते. वगारीसाठी रडत होते हे खरं, पण त्याच वाटेने आई रोज पहाटे विहिरीवर जाते, हे डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

त्याच संध्याकाळी भावाचा फोन. "ताई, आता बस्स. दिवाळीला मोठी गाडी घेऊन येतो आणि आईला सामानासकट घेऊन जातो."

"ती काय पोतं आहे का उचलून न्यायला?" मी म्हटलं.

"मग गवताचं काय करणार ते सांग. मजूर लावते असं सांगू नकोस, मजूर मिळत असते तर गवत वाढलं नसतं. दिवाळीला आलो आणि घरापासून विहिरीपर्यंत मला जमीन दिसली, तर मी तोंड उघडणार नाही. नाही दिसली, तर तू तोंड उघडायचं नाही."

बोलणं त्याचं सोळा आणे खरं होतं. खरं बोलणाऱ्यावर ओरडायला जास्त जोर लागतो, तो मी लावला आणि फोन ठेवून दिला. आईला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "मी नही येत. मनं घर आठेच शे." आणि विषय बंद.

माझा स्वार्थही सांगून टाकते, लपवून काय करू? आई तिथून उठली की माझं माहेर उठलं. आखाजीला खान्देशातली लेक माहेरी जाते. नातवंडं झाली तरी जाते. कडूनिंबाला झोका बांधलेला असतो, आई पुरणाच्या मांड्यांचं खापर चुलीवर चढवते, आणि पन्नाशीची बाई दोन दिवस कुणाची तरी पोर होते. पुण्याच्या चौथ्या मजल्यावर मी कसली आखाजी करणार होते? तिथे वहिनी चांगली आहे, चहा देईल, गॅलरीत खुर्ची देईल. झालं.

तेव्हा गवत. बायकांची टोळी विचारली तर सगळ्या कापूस वेचणीला बांधलेल्या. खांद्यावर अडकवायचं कटर आणलं, एक ओळ कापून ह्यांचे दोन्ही हात दुसऱ्या दिवशी ताटापर्यंत येईनात. तणनाशकाचं नाव काढलं तर आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तेच प्यायला सांगितलंय. रोटाव्हेटर घालावा तर लिंबाच्या मुळ्या वरच्यावर असतात, त्या तुटल्या की झाड रुसतं. राहता राहिला वडिलांचा छोटा ट्रॅक्टर. शेवटच्या वर्षांत त्यांनी हौसेने घेतलेला, बागेत सहज फिरणारा. मला त्यांनीच त्यावर शिकवलं होतं. त्याच्या मागे जोडायचं गवत कापायचं यंत्र असतं, दुकानात त्याला स्लॅशर म्हणतात. वर लोखंडी झाकण, खाली गरगर फिरणारी दोन पाती, आणि ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावरून जोर घेणारा गिअरबॉक्स. जमीन न उकरता गवत कापतं आणि तिथेच पसरून टाकतं. हेच हवं होतं. पण कोणतं?

हा प्रश्न मी बांधाशेजारच्या आबांपुढे काढला ही मोठी चूक. आबा म्हणजे आमचे लांबचे चुलते, ट्रॅक्टर त्यांचा दांडगा, आवाज त्याहून दांडगा. बाजेवरून न उठता म्हणाले, "लेवानं ते मोठंच लेवानं, माय! धाकलं लिसन काय पूजा करशी?" दुसऱ्या दिवशी गावातला जो भेटेल तो तेच सांगायला लागला. आमच्याकडे वस्तू घ्यायची म्हटली की सगळी भाऊबंदकी जमते, आणि वस्तू लहान घेतली तर कमीपणा सगळ्यांना वाटतो.

मी आबांना म्हटलं, "आबा, मोठं घेऊन ओढणार कोण? आमचा ट्रॅक्टर का तुमचा आवाज?"

पाचोऱ्याला पाहिलं, भडगावला पाहिलं. एके ठिकाणी फार हलकं यंत्र दाखवलं, पत्रा असा की मी बोटाने दाबला तर खाली गेला. ते बंगल्यापुढच्या हिरवळीचं काम. आमच्या गवतात बोरीची झुडपं, एरंडाचे खुंट आणि नदीचे गोटे. दुसरीकडे एकदम राक्षस, रस्त्याकडेचं जंगल तोडणारा. मधलं म्हणून जे मिळे त्याची माहिती द्यायला कुणाला सवड नव्हती. आणि तेवढ्यात पितरपाट, म्हणजे पितृपक्ष, लागला.

पितरपाटात आमच्याकडे नवा खिळासुद्धा कुणी विकत घेत नाही. आबांनी बजावलं, आता दसऱ्याला घे, मुहूर्तावर. मी म्हटलं, घोणस काय पंचांग बघून येते का? पण मनात धाकधूक होतीच. आई जुन्या वळणाची, तीच नाही म्हणाली तर? भीत भीत विचारलं. ती लिंबं निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुना बापनंच रान शे ना? तो कसाले रागे भरी?"

त्या एका वाक्याने माझ्या पायांत बळ आलं. रविवारी ह्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि जळगावातल्या अवजारांच्या दुकानात गेले. दुकानात चिटपाखरू नव्हतं. मालक एकटे बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते. आम्हाला बघून त्यांना पितर प्रसन्न झाल्यासारखं वाटलं असावं. दसऱ्याला त्याच दुकानात मला कुणी उभं केलं नसतं, त्या दिवशी मात्र खुर्ची, पाणी, चहा. फक्त बोलत होते ते ह्यांच्याशी.

"साहेब, ट्रॅक्टर किती एचपीचा?"

"मला काय विचारता?" हे म्हणाले. "माझं काम मागे बसायचं. बाईंना विचारा."

मग मी विचारायला सुरुवात केली. वजन किती, आमच्या छोट्या ट्रॅक्टरला उचलेल का. गिअरबॉक्स किती जोर सोसतो. दगड लागला तर पातं मागे वळतं का तिथेच तुटतं. मागच्या बाजूने गोटे उडतात, त्याला आडोसा काय. मालक बिचारे उत्तरं देता देता खुर्चीच्या टोकावर आले. शेवटी म्हणाले, "ताई, असं करू. सध्या आमची माणसं रिकामीच आहेत. मोठं आणि मधलं, दोन्ही तुमच्या मळ्यात घेऊन येतो. चालवून बघा, मग बोला." पितरपाट नसता तर ही सोय कुठली व्हायला! मी मनातल्या मनात वडिलांना नमस्कार केला.

यंत्रं येणार त्याच्या आदल्या दिवशी मी मळ्यावर गेले. आमच्या भागात शेत म्हटलं की ठिबक आलंच. झाडांच्या ओळीच्या दोन्ही अंगांनी काळ्या नळ्या पडलेल्या असतात. काही काम निघालं की आधी त्या नळ्या उचलून फांद्यांवर टांगायच्या, ही आमची रीत. आई आणि मी काठीने गवत आपटत आपटत, पायांत वडिलांचे गमबूट घालून, दिवसभर नळ्या टांगत होतो. आई पुढे चालायला लागली की मी तिला मागे ओढत होते, आणि ती मला.

सकाळी टेम्पो आला. सोबत दुकानाचा मेस्तरी आणि त्याच्या शेजारी आमचे हे. आबा, आणि आबांच्या मागे अर्धा गाव.

"पयले मोठं लाव," आबांनी हुकूम सोडला.

मोठं लावलं. सपाटीवर ट्रॅक्टर धापा टाकत चालला, पण चालला. आबा माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसले. मग मेस्तरी विहिरीपलीकडे, नदीच्या उतारावर गेला. वळून वर चढताना त्याने यंत्र उचललं आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली. ट्रॅक्टर मागच्या अंगावर उभा राहायला लागला. मेस्तरीने झटकन यंत्र खाली टेकवलं म्हणून चाकं धपकन परत जमिनीवर आली. तो उतरला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "हे नाही चालणार."

त्या उतारावर उद्या मी ट्रॅक्टरवर बसणार होते. ह्यांनी माझा दंड धरला होता, तो बराच वेळ सोडला नाही. आबा खाली बसून तंबाखू मळायला लागले आणि पुन्हा मोठ्याचं नाव निघालं नाही.

मग मधलं लावलं, पाच फुटी. मी म्हटलं, आता मी चालवते. अहाहा! काय सांगू! गवत समोर उभं, मागे वळून बघावं तर चटईसारखं आडवं. बोरीचं झुडूप कटकट वाजलं आणि नाहीसं झालं. उतारावर ट्रॅक्टर पाय रोवून चढला. मी एक ओळ केली, दुसरी केली, तिसऱ्या ओळीत गाणं म्हणत होते असं हे सांगतात. मला आठवत नाही. मला आठवतं ते पुढचं. एकदम फाट्‌ असा आवाज, मागे काहीतरी सर्रकन ओढलं गेलं, लिंबाचं एक झाड गदगदा हललं आणि यंत्र थांबलं.

नळी! एक नळी गवतात तशीच राहिली होती. जळगावच्या माणसाला ठिबकची नळी इतकी सवयीची झालेली असते, की ती दिसतच नाही. गवताखाली गेलेली एक नळी आम्हा दोघींना दिसली नव्हती, आणि आता ती पात्यांच्या दांड्याला वेणीसारखी घट्ट गुंडाळली होती. आई डोक्याला हात लावून उभी. मला वाटलं, संपलं. गिअरबॉक्स गेला, दुकानदार ते गळ्यात मारणार, दिवाळी तोंडावर, भाऊ जिंकला. ट्रॅक्टर बंद करून मी तशीच बसून राहिले.

मेस्तरीने विळ्याने नळी कापून काढली. मग जोडाच्या ठिकाणी हात घालून एक तुटका बोल्ट बाहेर काढला आणि हसला. "हाच तुटला बघा. हा मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. काही अडकलं की हा आधी तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो." खिशातून दुसरा बोल्ट काढून बसवला, यंत्र पुन्हा फिरायला लागलं. मी त्या तुटक्या बोल्टाकडे बघून हुंदका दिला. हे म्हणाले, "माझा हात मोडला होता तेव्हा हिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा."

पण डोकं ताळ्यावर आलं होतं. आतापर्यंत ओळीतलं अंतर मी खोडापासून खोडापर्यंत धरलं होतं. आता नळीपासून नळीपर्यंत मोजलं, नऊ फूटही भरेना. रोज रोज नळ्या कोण टांगणार? आई एकटी टांगणार का? पाच फुटी यंत्र जाताना एका आणि येताना दुसऱ्या नळीला घासलं असतं. चार फुटी असेल तर एकदा जाताना, एकदा येताना, नळ्यांना हात न लावता मधला पट्टा साफ. नळीच्या पलीकडचं, झाडाच्या बुंध्यापाशी राहील तेवढं विळ्याने.

"चार फुटी आहे का, याच मजबुतीचं?" मी विचारलं.

मेस्तरी म्हणाला, "आहे गोदामात. लहान दिसतं म्हणून लोक घेत नाहीत."

"चार फूट?" आबांना राहवलं नाही. "गाव हसी ना वं!"

"हसू द्या, आबा. गावाला हसायला आमच्या बांधावर यावं लागेल, आणि यायला वाट मी करून ठेवते."

आबासुद्धा हसले, काय करतात.

असं ते चार फुटी, मधल्या ताकदीचं यंत्र पितरपाटातच घरी आलं. मागे साखळ्यांची झालर लावून घेतली, म्हणजे गोटे उडत नाहीत. कच्च्या बोल्टांची पुडी ट्रॅक्टरच्या डब्यात ठेवली. दसऱ्याला झेंडूची माळ घातली, तेवढ्याने मुहूर्ताचीही समजूत पटली असावी. मग दर रविवारी मी सकाळच्या गाडीने पाचोरा, तिथून बस, आणि दुपारपर्यंत ट्रॅक्टरवर. कोजागिरीपर्यंत घरापासून विहिरीपर्यंत जमीन दिसायला लागली. गळालेली पिवळी लिंबं गवतात कुजायची, ती आता वरच्यावर वेचता येत होती. आई मात्र काही बोलत नव्हती. विहिरीवर जाते का, विचारलं तर "हाव" म्हणायची आणि दुसरंच काही काढायची. मला वाटलं, तिला काय, ती कधी घाबरलीच नव्हती.

वसुबारसेच्या दिवशी भाऊ आला. खरंच मोठी गाडी, मागची सीट पाडून सामानाला जागा केलेली. चहा न घेता तो बागेत शिरला, मी मागे. तो विहिरीपर्यंत गेला, उतारावर गेला, खाली वाकून कापलेलं गवत हातात घेतलं, एक लिंबू उचलून हुंगलं. येताना सगळ्या वाटेने गप्प. शब्दाचा पक्का, तोंड उघडलं नाही.

घरात आल्यावर मात्र आईपुढे बसला आणि हळूच म्हणाला, "आई, गवताचं राहू दे. तुला काय वाटतं ते सांग."

आई उठली, आतल्या खोलीत गेली आणि एक भलीमोठी पिशवी ओढत घेऊन आली. चेन तटतटलेली. म्हणजे ही जाणार? मग हे सगळं मी कुणासाठी केलं?

"गणपतीमाच भरेल शे," ती म्हणाली.

भावाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. वगार गेली त्याच आठवड्यात तिने पिशवी भरली होती. मी नही येत, मी नही येत म्हणत होती, आणि आत पिशवी भरून ठेवलेली होती.

आईने खाटेवर बसून चेन उघडली आणि एक एक वस्तू बाहेर काढायला लागली. नऊवारी लुगडी, गोधडी, गोळ्यांचा डबा. तळाशी फडक्यात गुंडाळलेला तिचा विळा.

"पुण्याला विळा?" भावाने विचारलं.

"तठे बी गवत ऱ्हास ना," आई म्हणाली. मग विळ्यावरचं फडकं सोडता सोडता, आमच्याकडे न बघता, "माले बी भ्याव वाटे रे. इतला दिन मी मोरीतच पाणी लिसन आंघोळ करू. हिरवर नही गऊ मी."

इतके दिवस ती एकटी विहिरीवर गेलीच नव्हती. आईने रिकामी पिशवी झटकली आणि भावाच्या मांडीवर टाकली. "लिंबं भर. तुना शेजारपाजारले वाट."

मग तिने खुंटीवरची कळशी काढली, पदर खोचला आणि मागच्या दाराने बाहेर पडली. भाऊ तिच्यामागे जायला उठला. मी त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"जाऊ दे," मी म्हटलं. "एकटी जाऊ दे तिला."